केस चांगली होती

दुर्मीळ आजार हाती लागला की डॉक्टरला आनंद होतो. ही गोष्ट आम्ही पेशंटला सांगत नाही, घरीही फारशी बोलत नाही. पण चार त्वचारोगतज्ज्ञ एका टेबलाशी जेवायला बसले की ती लपून राहत नाही. कोणीतरी मोबाइल पुढे सरकवतं, ‘बघ, केस चांगली आहे’ म्हणतं, आणि फोटोतल्या माणसाच्या पाठीवर काय उमटलंय ते आम्ही भातावर वरण घेता घेता बघतो. कौतुक होतं. त्या माणसाचं नाव कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करते. माझ्याकडेही अशी एक केस आली. निदान बरोबर निघालं, उपचार लागू पडले, पेशंट माझ्याकडे नियमित येतो. तक्रार करण्यासारखं काही नाही. तरी निदानाच्या त्या क्षणी जे सुख झालं ते मला अजून पचलेलं नाही. सुख झालं म्हणून लाज वाटते, असं नाही. ते कोणाच्या खर्चाने झालं, तेवढा हिशेब मला पाहायचा आहे. ओळख पटू नये म्हणून पेशंटचे काही तपशील बदलले आहेत. माझे मात्र आहेत तसेच ठेवते.

मुलगा 19 वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे ग्राउंडवर 1600 मीटर पळायचं, गोळाफेक, दिवसभर लेखीचा अभ्यास. वडील एसटीत कंडक्टर. दोन्ही मांड्या, कुल्ले आणि कमरेच्या खालच्या भागावर पांढरट चट्टे, तेही नववी-दहावीपासूनचे. खाज नाही, दुखत नाही, वाढलेत तेही इतके सावकाश की वाढताहेत हेच कळत नव्हतं. हाफ पँटवर पळताना सोबतच्या मुलांनी मांडीवरचा चट्टा पाहिला आणि ‘कोड आलंय का रे?’ म्हणून विचारलं. भरतीत मेडिकल असतं, तिथे कपडे उतरवावे लागतात. म्हणून तो आला.

सोबत जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी होती. ती पिशवी म्हणजे आपल्याकडे पांढऱ्या डागांबद्दल जे जे समजलं जातं त्याची सूचीच. आधी शिबं म्हणून लोशन. मग पोटात जंत असतील म्हणून गोळ्या. मग कॅल्शियम. मेडिकलमधून कोणीतरी दिलेली, तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमाची ट्यूब. त्यानंतर एका जाणत्या म्हाताऱ्याने बावचीचं तेल लावून कोवळ्या उन्हात बसायला सांगितलं. त्याने रंग थोडा भरला, एकदा फोड आले, मग आईने ते बंद केलं. शेवटी कुष्ठरुग्ण शोधायच्या मोहिमेत आशाताई घरी आल्या, त्यांनी चट्टा पाहून तपासून घ्या म्हटलं, आणि त्या दिवसापासून आईची झोप उडाली. तिच्या माहेरी एका चुलत आजोबांना शेतातल्या खोपट्यात ठेवलं होतं, जेवण लांबून सरकवायचे. ते तिने लहानपणी पाहिलेलं.

मी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि चट्ट्यावर कापसाचं टोक टेकवलं. त्याने लगेच बोट ठेवून जागा दाखवली. टाचणीचं टोक, मग थंड आणि गरम परीक्षानळी. सगळं कळत होतं. कोपराच्या आतली नस चाचपली, मानेवरची पाहिली, घोट्याजवळची पाहिली. कुठे जाड नाही, दुखरी नाही. म्हणजे महारोग बहुधा नाही. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो, कड स्पष्ट असते. हे तसे नव्हते. शिबं पाठ-छाती-मानेवर येतात, खरवडली की भुसा पडतो. हे चट्टे होते जिथे ऊन कधी पोहोचत नाही अशा जागी, लहानमोठे, एकमेकांत मिसळलेले, आणि वाकून उजेड तिरपा पाडला की त्यांच्यावर अगदी बारीक सुरकुत्या दिसत होत्या.

तिथेच माझ्या मनात एक नाव आलं. मी चेहरा हलू दिला नाही. आवाजही तोच ठेवला. पण छातीत काहीतरी उडालं, आणि ते चिंतेने उडालं नव्हतं.

नाव होतं मायकोसिस फंगॉइड्स. त्वचेचा कॅन्सर म्हटलं की आपल्याला काळा तीळ किंवा न भरणारी जखम आठवते. हा वेगळा. यात बिघडतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी-लिम्फोसाइट नावाच्या पेशी, आणि त्या घर करतात त्वचेत. म्हणजे हा लिम्फोमा, पण कातडीतला. 1806 साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात अलिबेर नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा याचं वर्णन केलं. त्याच्या पेशंटच्या अंगावर अळंब्यांसारख्या गाठी उठल्या होत्या, त्यावरून पुढे हे नाव पडलं. बुरशीचा याच्याशी संबंध नाही. नंतर बाझँ या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरने क्रम लावून दिला: आधी चट्टे, मग जाड थर, मग गाठी. सगळ्यांचा आजार गाठींपर्यंत जात नाही. बहुतेकांचा चट्ट्यांवरच वर्षानुवर्षं रेंगाळतो. अमेरिकेतल्या नोंदींनुसार दहा लाख लोकांत वर्षाला सहाच्या आसपास नवे पेशंट सापडतात. पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीवरच्या लाल चट्ट्यांचे असतात. सावळ्या आणि काळ्या माणसांत, त्यातही मुलांत आणि तरुणांत, याचा एक प्रकार पांढऱ्या डागांच्या रूपाने येतो, आणि जिथे पांढरा डाग म्हणजे कोड किंवा महारोग एवढंच ठाऊक आहे अशा मुलखात तो दडून बसतो. त्या फोटोंवर तयार झालेली नजर आपल्या माणसांवर पुन्हा तयार करावी लागते. माझी झाली होती. आनंद त्याचाच होता.

बायोप्सी करायची तर स्टिरॉइडचं मलम काही आठवडे आधी बंद ठेवावं लागतं, नाहीतर पेशी विरळ होतात आणि स्लाइडवर काहीच सापडत नाही. ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतंच. थांबलो, मग तुकडा घेतला. रिपोर्ट आला: काहीतरी दाह आहे, निश्चित सांगता येत नाही. या आजारात हे नेहमीचं आहे. लक्षणं दिसल्यापासून निदान पक्कं होईपर्यंत मोठमोठ्या केंद्रांतही निम्म्या पेशंटांची तीन वर्षं उलटतात.

मी पॅथॉलॉजिस्टला रात्री फोन केला. पुन्हा तुकडा घ्यायचं ठरवलं, या वेळी दोन जागांहून. आता स्लाइडवर दिसलं. वरच्या थराच्या अगदी तळाशी लिम्फोसाइट एका ओळीत उभे, प्रत्येकाभोवती पांढरी मोकळी कड, आसपास सूज नाही. मग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा, मार्कर, रंगवून पाहणं: पेशी सीडी-8 जातीच्या, सीडी-7 ची खूण हरवलेली. या आजाराच्या निदानासाठी 2005 पासून एक गुणपद्धत आहे: डोळ्यांना दिसतं त्याचे दोन गुण, स्लाइडचे दोन, मार्करचा एक, जनुक-चाचणीचा एक. सहापैकी चार मिळाले की निदान. आम्ही जनुक-चाचणी केली नाही, तिच्याशिवाय चार पुरे होत होते आणि कंडक्टरचा पगार मला माहीत होता.

इथे मला पहिल्यांदा थांबावं लागतं. ती दुसरी बायोप्सी कोणासाठी होती?

त्याच्यासाठी, हे उत्तर चटकन येतं आणि ते खोटं नाही. पण ज्या पेशंटचा पहिला रिपोर्ट ‘निश्चित सांगता येत नाही’ असा येतो त्या प्रत्येकासाठी मी रात्री फोन करत नाही. एक्झिमाची शंका असलेला रिपोर्ट आला तर मलम बदलते आणि महिन्याने या म्हणते. या मुलाच्या बाबतीत मला बरोबर ठरायचं होतं. त्याच्या मांडीला टाके पडले, टाके भरेपर्यंत पळणं बंद, वडिलांची रजा गेली, लॅबचे पैसे गेले. माझी हाव आणि त्याचं हित या वेळी एकाच रस्त्याने गेले. गेले म्हणून हाव स्वच्छ होत नाही. उलट शंका येते, की कधी रस्ते फुटले तर मी कुठे वळेन?

कोणी म्हणेल, वैद्यक असंच पुढे जातं. ज्याला विचित्र गोष्ट सुटत नाही तोच ती शोधतो. मान्य आहे. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये पॅथॉलॉजी उभी करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर कुष्ठरोगातल्या नसाही सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि कॅन्सरही. त्यांनी 1945 साली आपल्या सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या निबंधात धोतराच्या कॅन्सरची नोंद आहे: कमरेला वर्षानुवर्षं घट्ट बसलेली गाठ, तिथे घासून आधी डाग, मग जखम, मग कॅन्सर. पुढे साडीच्या, खरं तर परकराच्या नाडीच्या, जागीही तसेच पेशंट सापडले. मला त्यात विशेष वाटतं ते दुर्मीळपणाचं नाही. आपली माणसं धोतर कशी नेसतात, कुठे आवळतात, हे त्या शोधामागे आहे. पेशंट कपड्यांसकट पाहिला आणि मग कपड्यांशिवाय पाहिला.

आमच्या ओपीडीत दुसरं होत नाही. बाही वर करा, गळ्याचं बटण काढा, बस. या मुलाला माझ्याआधी ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांच्यापैकी किती जणांनी पँट उतरवायला सांगितली असेल? मी सांगितलं, कारण मला काहीतरी वेगळं हाताला लागणार असा वास आला होता. एरवी मीही बाई डॉक्टर, समोर तरुण मुलगा, बाहेर चाळीस माणसं. ‘मोबाइलमध्ये फोटो असेल तर दाखव’ म्हणून मोकळी होते.

निदान सांगायला मी दुपारची, गर्दी ओसरल्यानंतरची वेळ ठेवली. आईला, वडिलांना, त्याला, तिघांना बसवलं.

मी तोंड उघडायच्या आत आईने विचारलं, “म्याडम, महारोग नाही ना?”

“नाही. तो नक्की नाही.”

तिने डोळ्याला पदर लावला आणि माझ्या टेबलामागे कॅलेंडरवर विठोबा होता, त्याला हात जोडले. वडील खुर्चीत सैल झाले. मग मी पुढचं सांगितलं. कॅन्सर हा शब्द वापरला, टाळला नाही. सावकाश सांगितलं की हा त्वचेतल्या पेशींचा कॅन्सर आहे, हा प्रकार सौम्य आहे, अंगाचा दहा टक्क्यांहून कमी भाग व्यापलाय, या टप्प्यावरची माणसं इतरांइतकंच जगतात, पण तपासत राहावं लागेल, कदाचित कायमचं. मुलगा ऐकत होता. वडिलांनी दोन प्रश्न विचारले, चांगले विचारले. आई मात्र अजून पहिल्या ‘नाही’तच होती. ती ज्या वाईट बातमीला भीत होती ती टळली होती. उरलेल्याचं ती बघून घेणार होती.

आता, मला जे ठाऊक होतं आणि मी बोलले नाही ते असं. हा महारोग असता तर एका अर्थी बरं झालं असतं. सहा महिने, फार तर वर्षभर, सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्या, आणि आजार संपला. जंतू मेले की संपलं. मी दिलेल्या आजाराला असा शेवटचा दिवस नाही. माझ्या एमडीच्या पदवीत त्वचारोग आणि गुप्तरोगाबरोबर कुष्ठरोग हा शब्द छापलेला आहे. वडाळ्याला कुष्ठरुग्णांचं रुग्णालय 1890 पासून उभं आहे, बाबा आमट्यांच्या आनंदवनाला पंचाहत्तरहून अधिक वर्षं झाली, 2005 च्या अखेरीस देशाने कुष्ठरोग दहा हजारांत एकाच्या खाली आणल्याचं जाहीर केलं. आणि तरीही कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवायची मुभा देणारा 1898 चा कायदा 2016 पर्यंत पुस्तकात होता, जोडीदाराला कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण 2019 पर्यंत चालत होतं. हे मी कार्यक्रमांतून सांगते. जागतिक कुष्ठरोग दिनाला माइक हातात घेऊन सांगते.

त्या दुपारी मात्र त्या आईच्या भीतीवर मी टेकले. ती भीती नसती तर ‘कॅन्सर’ ऐकून ती कोसळली असती, मला तासभर सावरावं लागलं असतं. कधीकाळी खोपट्यात ठेवलेल्या त्या चुलत आजोबांनी माझं काम हलकं केलं. तिला एक वाक्य सांगता आलं असतं: “बाई, तो आजार इतका वाईट नाही हो, औषधाने पूर्ण बरा होतो, पुढे घरात-गावात कोणाला झाला तर असं घाबरू नका.” ते सांगितलं असतं तर तिला तुलना कळली असती. म्हणून नाही सांगितलं. त्या वेळी मला ते करुणेचं वाटलं. आजही थोडं वाटतं. पण थोडंच.

उपचार ठरला नॅरोबँड यूव्हीबीचा. माणूस उभा राहील एवढं कपाट, आत चारी बाजूंनी नळ्या, 311 नॅनोमीटरचा प्रकाश, आठवड्यातून दोन-तीनदा, सेकंदांपासून सुरू करून मिनिटांपर्यंत. ते कपाट माझ्याकडे आधीपासून आहे. कोडासाठी घेतलेलं.

हे मला नीट लिहायला हवं. कोडासाठी जो प्रकाश दिला जातो तोच या आजारालाही देतात, जवळजवळ तसाच. म्हणजे कोणी चुकून कोड समजून त्याला या कपाटात उभं केलं असतं तरी चट्टे भरलेच असते. एवढंच नाही. बावचीत सोरालेन असतं, आणि सोरालेन अधिक अतिनील किरण हा याच आजारावरचा मान्य उपचार आहे. 1976 पासूनच्या वैद्यकीय लेखांत तो आहे. तो जाणता म्हातारा, ज्याला लिम्फोसाइट माहीत नव्हते, तेल लावून उन्हात बस म्हणाला आणि बऱ्यापैकी बरोबर बोलला. फोड आले ते मात्रा कळत नव्हती म्हणून.

मग माझ्या निदानाने त्याला काय दिलं? मी यादी केली आहे, स्वतःला समजवायला. कोणी पुढे एक्झिमा समजून सायक्लोस्पोरिनसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं असतं तर आजार भडकू शकला असता. आता ते टळेल. दर काही महिन्यांनी काखेतल्या, जांघेतल्या गाठी तपासल्या जातील. प्रकाश बंद केल्यावर चट्टे परत आले, आणि या आजारात ते पुष्कळदा येतात, तर का आले ते कळेल. थोड्या लोकांत आजार पुढे सरकतो; त्याचा सरकलाच तर वेळेत दिसेल. हे सगळं खरं आहे आणि पुरेसं आहे.

दुसऱ्या बाजूला: पिशवीत आता असा कागद आहे ज्यावर लिम्फोमा लिहिलंय. तो मुलगा रात्री मोबाइलवर त्या नावाचे फोटो बघतो, शेवटच्या टप्प्याचे, अलिबेरच्या पेशंटसारख्या गाठींचे. मी बघू नको म्हटलं. मी 19 वर्षांची असते तर बघितलेच असते. विम्याच्या फॉर्मवर, नोकरीच्या फॉर्मवर, उद्या लग्न जुळवताना, त्याला या शब्दाशी एकट्याने निभावावं लागणार आहे. निदानाचा आनंद मला एका संध्याकाळी पुरता मिळाला. बाकीचं त्याच्याकडे राहिलं.

त्याच काळात माझ्या बाकांवर गजकर्णाचे पेशंट बसलेले असत, आजही असतात. गेली काही वर्षं आपल्या देशात गजकर्णाची जी साथ पसरली आहे ती ज्याने पाहिली नाही त्याला सांगून पटणार नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब, ती लावली की दोन दिवस खाज थांबते, मग दुप्पट जागेत चट्टा. नवरा, बायको, मुलं, सासू. एक टॉवेल, एक बादली. रात्र रात्र खाजवून जांघा सोललेल्या. ऊस तोडायला जाणारी बाई तशा जांघांनी दिवसभर वाकते. त्या मुलाच्या चट्ट्यांना तर खाजही नव्हती. दुःखाच्या मापाने पाहिलं तर माझा वेळ त्या बाईला जायला हवा. जातो कोणाला? तिला मी बघते, लिहिते, टॉवेल वेगळे ठेवा म्हणते, पुढची चिठ्ठी ओढते. तिच्या प्रश्नांना मधेच तोडते. त्याच्या प्रश्नांना मी कधी तोडलं नाही. त्याला खुर्ची, तिला स्टूल. मी हे ठरवून करत नाही, आणि ठरवून करत नाही हेच जास्त वाईट आहे, कारण ठरवलेली गोष्ट बदलता येते. गजकर्ण मला कंटाळवाणं वाटतं. इतक्या वर्षांनी हे कबूल करायला हरकत नाही. कंटाळा आला की माणसाचं दुःख कमी दिसतं, हे मात्र मला पुस्तकात कोणी शिकवलं नव्हतं.

मग मुंबईत कॉन्फरन्स आली. मला केस मांडायची होती. मी त्याला विचारलं, फोटो दाखवू का? मराठीत छापलेला संमतीचा कागद दिला, वाचून दाखवला. तो म्हणाला, “दाखवा की म्याडम, फक्त चेहरा नको.” सही केली. कायद्याने, नियमाने सगळं पूर्ण. तोपर्यंत मी त्याच्या प्रकाश-उपचाराचे पैसे घेणं बंद केलं होतं. एकदा पैसे माफ करून टाकल्यावर तो मला नाही कसं म्हणणार होता, हा प्रश्न कागदावर नव्हता. उलटं करायला हवं होतं का, आधी विचारायचं आणि मग माफ करायचं? तेव्हा तर ती किंमतच झाली असती. सुटका दिसत नाही.

मोठ्या हॉटेलच्या गार गार हॉलमध्ये, पडद्यावर, भिंतीएवढ्या आकारात, त्याच्या मांड्या. शेजारी स्लाइड, लिम्फोसाइटची ती ओळ. छान चाललं. कोणीतरी विचारलं, पेशंट आता कसा आहे? मी म्हटलं, उत्तम आहे. भरतीचं काही बोलले नाही. तिथे ते विषयाला धरून नव्हतं. खाली उतरल्यावर दोघा-तिघांनी हात मिळवला. अलिबेरने 1806 पासून मोठाले रंगीत चित्रांचे ग्रंथ काढले, सेंट लुईतल्या गरीब पेशंटांची रोगट अंगं त्यात फार देखणी रंगवली आहेत. त्या लोकांना कोणी काय विचारलं असेल, असा विचार हात मिळवताना माझ्या मनात आला होता, असं लिहायला मला आवडलं असतं. आला नव्हता. परत आल्यावर, पैसे न देता तो कपाटात उभा असताना, बाहेर त्याच्या चपला पाहून आला.

आता चट्टे बरेचसे भरलेत. भरतीची जाहिरात आली आहे. परवा त्याने सर्टिफिकेट मागितलं. मेडिकलला कोणी उरलेल्या डागांबद्दल विचारलं तर दाखवायला. आणि म्हणाला, त्यात कोड लिहा. कोड म्हणतात म्हणून पळताना लाजणारा मुलगा आता मला कोड लिहून मागत होता.

मी म्हटलं, “खोटं नाही लिहिता येणार.”

“खोटं कुठंय म्याडम? तुम्हीच म्हणला होता की दोन्हीला लाइट तीच.”

“लाइट एक असली तरी आजार एक नाही.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग हसून म्हणाला, “तिकडं मुंबईत तुम्ही नाव झाकून आजार दाखवला. आता आजार झाकून नाव लिहा की.”

त्याच्या आईपुढे मी सत्याच्या बाबतीत ढिली होते, कारण ढिलाईत माझी सोय होती. त्याच्यापुढे ताठ झाले, कारण खाली सही आणि रजिस्ट्रेशन नंबर माझा जाणार होता. दोन्ही वेळा मी मनाशी तत्त्व सांगत होते.

मी शेवटी लिहिलं ते असं: त्वचेच्या विकारासाठी माझ्याकडे उपचार सुरू, विकार संसर्गजन्य नाही, पळण्यास व कष्टाच्या कामास आज प्रकृती पूर्ण सक्षम, अधिक माहिती पेशंटच्या लेखी संमतीने दिली जाईल. यात खोटं एक अक्षर नाही. पूर्ण खरंही नाही, आणि ते पूर्ण करायचं की नाही हे त्याच्या हातात ठेवलं. हातात ठेवलं म्हणजे त्याचा मान राखला, की निर्णय त्याच्या अंगावर ढकलला, हे मला सांगता येत नाही. मेडिकलला त्याला थेट विचारलं तर तो काय सांगेल, हेही मी त्याला विचारलं नाही.

त्याने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाला, “चालतंय.” मग शुक्रवारच्या लाइटची वेळ सकाळची करून मागितली, आता संध्याकाळीही ग्राउंड असतं म्हणून. ती करून दिली. बाहेर ऊस तोडणारी ती बाई आली होती, तिच्या आधी दोन नंबर होते. मी तिला आधी बोलावलं, त्यावरून बाकीच्यांशी भांडण झालं.